भोंगऱ्या : बाजार, होकार आणि बघणारे

१/ धुळ्याहून मुंबई–आग्रा महामार्गाने उत्तरेला निघाले की पन्नासेक किलोमीटरवर शिरपूर लागते. शिरपूर मागे पडते, कापसाची मोकळी झालेली शेते संपत येतात आणि समोर सातपुड्याची निळसर रांग उभी राहते. पुढे पळासनेर, मग मध्य प्रदेशची हद्द, मग बिजासनचा घाट. फाल्गुनात या पट्ट्यातील पळस पेटलेला असतो आणि मोहाची पाने गळून फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके धरू लागलेले असतात. याच दिवसांत महामार्गावरील ट्रकांच्या आवाजावर ढोलाचा आवाज चढतो. भोंगऱ्या सुरू झालेला असतो.

२/ खानदेशात या सोहळ्याला भोंगऱ्या बाजार म्हणतात, तर सातपुड्याच्या पलीकडे, बडवाणी, अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांत भगोरिया. पावरा, बारेला, भिल्ल, भिलाला या समाजांचा हा होळीआधीचा बाजार आहे. वर्तमानपत्रांनी आणि पर्यटनाच्या पुस्तिकांनी मात्र त्याला आणखी एक नाव दिले : ‘आदिवासींचा व्हॅलेंटाइन डे’. हे नाव कोठून आले, ते कशावर पांघरूण घालते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हा या धाग्याचा विषय.

३/ आरंभ बाजारापासूनच करावा लागेल, कारण भोंगऱ्या हा मुळात बाजार आहे. सातपुड्याच्या पायथ्याची गावे आठवडे बाजाराच्या चक्राने एकमेकांना बांधलेली आहेत. एका गावाचा बाजार सोमवारी, दुसऱ्याचा मंगळवारी, तिसऱ्याचा बुधवारी. होळीच्या आदल्या सात दिवसांत ज्या ज्या गावाचा जो नेहमीचा वार असतो, त्या वारी त्या गावाचा भोंगऱ्या. म्हणून भोंगऱ्याला एकच एक तिथी नाही, एकच एक स्थान नाही. बोराडी, सांगवी, पळासनेर असा तो वारावारांनी फिरत जातो आणि होळीच्या रात्री थांबतो.

४/ या बाजारात होळीचे सामान मिळते. गूळ, फुटाणे, डाळ्या, खजूर, साखरेचे हार आणि कडी, गुलाल, नवे कापड, घुंगरू, आरसे, चांदीचे दागिने. होळीच्या पूजेला लागणारे सगळे याच एका फेरीत घ्यायचे असते. पाड्यावरची म्हातारी माणसेही त्या दिवशी डोंगर उतरून येतात. ज्याला भोंगऱ्यात केवळ तरुण जोडपी दिसतात, त्याने खजुराच्या ढिगासमोर बसून भाव करणारी आजी पाहिलेलीच नसते.

५/ मग ढोल. प्रत्येक पाड्याचा आपापला ढोल असतो, थाळी असते, बासरी असते. माणसे वाजवत बाजारात शिरतात, गोल धरतात आणि नाचतात. एका पाड्याच्या मुली पुष्कळदा एकाच रंगाचे कापड घेऊन आलेल्या असतात. लांबून पाहणाऱ्याला ती शोभा वाटते. जवळून पाहणाऱ्याला कळते की त्या रंगावरून कोणती मुलगी कोणत्या पाड्याची, हे गर्दीतही ओळखू येते. गर्दीत हरवू नये आणि गर्दीत एकटे पडू नये, या दोन्ही गरजा तो रंग भागवतो.

६/ होळीच का? सातपुड्यात होळी दिवाळीहून मोठी. पावसाळ्यातील पीक घरात येऊन संपत आलेले असते आणि पुढच्या पेरणीला अवकाश असतो. शिवाय गेल्या काही पिढ्यांपासून आणखी एक कारण जोडले गेले आहे. पाऊस सरला की कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत आणि अन्यत्र ऊसतोडीला, बांधकामाला, शेतमजुरीला जातात. वर्षातून ज्या वेळी सगळे परत येतात, ती वेळ होळीची. बंद घरांची कुलपे निघतात. भोंगऱ्यात भेटणारी माणसे ही पुष्कळदा चार-पाच महिन्यांनी भेटणारी भावंडे, मैत्रिणी, मावश्या आणि व्याही असतात.

७/ तरुण-तरुणी या बाजारात एकमेकांना पाहतात, हेही खरे, आणि त्यामागे समाजरचनेचे साधे कारण आहे. एकाच कुळात लग्न होत नाही. पाड्यावर सगळी घरे बहुधा एकाच किंवा नात्यातल्या कुळांची असतात. म्हणजे जोडीदार पाड्याबाहेरचा हवा. डोंगरात पाडे विखुरलेले, वाटा लांबच्या. जेथे अनेक कुळांची माणसे एका दिवशी एकत्र येतात अशी जागा एकच : बाजार. जगात जेथे जेथे कुळाबाहेर लग्न करण्याचा दंडक आहे आणि वस्ती विरळ आहे, तेथे तेथे बाजार आणि जत्रा यांनी हे काम केलेले आहे.

८/ पुढची कथा मात्र तपासून घ्यावी लागते. ती अशी सांगितली जाते : मुलगा मुलीच्या गालाला गुलाल लावतो किंवा पान देतो. तिने उलट गुलाल लावला किंवा पान खाल्ले की होकार. मग दोघे पळून जातात आणि लग्न झाले असे मानले जाते. आदिवासी समाजातील अनेक कार्यकर्ते आणि अभ्यासक या चित्राला ठाम हरकत घेतात. त्यांचा एक मुद्दा फार सोपा आहे. होळीपूर्वीच्या या दिवसांत लग्नकार्य केले जात नाही. लग्नसराई होळीनंतरची. ज्या आठवड्यात लग्न वर्ज्य, त्या आठवड्याच्या बाजाराला लग्नाचा बाजार कसे म्हणायचे?

९/ नावाच्या व्युत्पत्तीचेही असेच. ‘भागना’ म्हणजे पळणे, त्यावरून भगोरिया, ही हिंदीच्या कानाला सहज पटणारी उकल. दुसरी कथा भगोर या गावाची. राजा भोजाच्या काळी कसूमर आणि बालून या दोन भिल्ल राजांनी भगोरात जत्रा भरवली आणि तिचे अनुकरण इतरत्र झाले, असे सांगतात. दोन्ही कथा लोककथेच्या पदरातल्या आहेत आणि कोणत्याही एकीवर इतिहासाची मोहोर उमटवता येत नाही. परंतु बाहेरच्या जगाने त्यांपैकी कोणती उचलली, हे लक्षात घ्यावे. राजांची जत्रा मागे राहिली, पळून जाणारी जोडपी पुढे आली.

१०/ जोडपी पळून जात नाहीत काय? जातात, आणि भोंगऱ्याच्या आधी-नंतरही जातात. पण पळून जाणे हा तेथे शेवट नसतो. दोघे एखाद्या नातेवाइकाकडे राहतात. मुलीच्या घरी कळते. दोन्हीकडची जाणती माणसे आणि पंच बसतात. भांडण होते, आवाज चढतात, रात्र उलटते. मग तोडगा निघतो, रक्कम ठरते, गूळ वाटला जातो. लग्नाचा सोहळा त्यानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी होतो. खर्च जमेपर्यंत मुले झालेली असतात आणि ती आईबापांच्या लग्नात नाचतात, अशीही उदाहरणे आहेत. हे सगळे मिळून एक रीत आहे. तिचा पहिला क्षण तेवढा पाहून निघून जाणाऱ्याला ती बेबंदशाही वाटते.

११/ पंचांपुढे जी रक्कम ठरते तिला देज म्हणतात. ती मुलाच्या घराने मुलीच्या घराला द्यायची. मैदानी मुलखात हुंडा मुलीच्या बापाकडून वराकडे जातो. देजाची दिशा नेमकी उलटी आहे. त्यामागचा हिशेब असा की मुलगी शेतात, रानात, घरात राबणारी. ती गेली की एका घराची कमाई आटते आणि दुसऱ्याची वाढते, तेव्हा ज्याची वाढते त्याने भरपाई करावी. मुलीचा जन्म झाला म्हणून घरावर सावट येण्याचे कारण या हिशेबात उरत नाही.

१२/ हा हिशेब आदर्श मात्र नाही. देज भरण्यासाठी कर्ज काढावे लागते. खानदेशात असे कर्ज फेडण्याचा जुना मार्ग म्हणजे सालदारकी : वर्षभराच्या ठरीव मोबदल्यावर दुसऱ्याच्या शेतात राबणे. लग्नाचे कर्ज, मग सालदारकी, मग त्या वर्षात काढलेली नवी उचल, अशा चक्रात तरुणांची उमेदीची वर्षे गेली आहेत. देजाचा आकडा आवाक्यात राहावा म्हणून समाजाच्या बैठकांतून वेळोवेळी मर्यादा घातल्या गेल्या, त्या यासाठीच. शिवाय ज्या स्त्रीसाठी रक्कम मोजली गेली, तिला नवऱ्याचे घर सोडायचे असेल तर ती रक्कम परत करण्याचा प्रश्न उभा राहतो. होकाराला मान असलेल्या समाजातही नकाराला किंमत पडते.

१३/ देज परवडत नसेल तर दुसऱ्या वाटा आहेत. मुलगा ठरावीक वर्षे सासऱ्याच्या घरी राहून काम करतो आणि त्या श्रमात देज फिटले असे मानतात. कधी मुलगीच आपल्या पसंतीच्या मुलाच्या घरात जाऊन राहते. मग ‘हिला परत पाठवायचे की ठेवून घ्यायचे’ हा प्रश्न मुलाच्या आईबापांपुढे पडतो. ज्या समाजात मुलगी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन असा पेच टाकू शकते, त्या समाजातील प्रणयाची कथा केवळ गुलाल लावणाऱ्या मुलाच्या बाजूने सांगणे हे अर्धवट सांगणे आहे.

१४/ यातील बहुतेक प्रकार संस्कृत धर्मशास्त्राला ठाऊक होते. मनुस्मृतीत विवाहाचे आठ प्रकार येतात. वधू-वरांच्या परस्पर इच्छेने होणारा तो गांधर्व. कन्येच्या नातेवाइकांना धन देऊन होणारा तो आसुर. बळाने हरण करून होणारा तो राक्षस. दोन घराण्यांत आधीच ठरलेला विवाह श्रेष्ठ आणि वधूसाठी धन देणारा विवाह निंद्य, अशी ती उतरंड. सातपुड्यातील रीत पाहताच मैदानातील माणूस नाक मुरडतो, त्या मुरडण्याला दोन हजार वर्षांचा सराव आहे.

१५/ येथे धुळ्याचा एक योगायोग सांगितला पाहिजे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे अखेरचे वास्तव्य धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या त्यांच्या लेखनाने त्या काळी मोठी खळबळ उडवली. विवाह ही अनादि आणि अचल संस्था नसून ती टप्प्याटप्प्याने घडत आली, हे त्यांनी वेद-महाभारताच्या आधारे मांडले. त्यांचा पुरावा प्राचीन ग्रंथांतला होता. त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला विवाहाच्या वेगळ्या रीती जिवंत माणसांत नांदत होत्या. ग्रंथ आणि डोंगर यांमधले अंतर मराठी इतिहासलेखनाने पुढेही फार थोड्या वेळा ओलांडले.

१६/ डोंगराविषयी लिहिले ते प्रथम सरकारने. १८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश कंपनीच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे कारभार गेला. भिल्लांचे उठाव मोडण्यासाठी आधी लष्कर वापरले गेले. मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रम यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल पलटण उभी राहिली. तिचे ठाणे धरणगावी, आजच्या जळगाव जिल्ह्यात होते. पुढे १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे उठाव झाले आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीची लढाई झाली. या साऱ्या काळातील दप्तरांत भिल्ल येतो तो बंडखोर, वाटमाऱ्या, कर्जदार, तगाई घेणारा किंवा शिपाई म्हणून. भिल्ल स्त्री तर क्वचितच येते.

१७/ १८८० मध्ये जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेला खानदेश गॅझेटिअर निघाला. त्यात भिल्ल, पावरा आदी समाजांची वर्णने आहेत. पोशाख, दागिने, देवदेवता, लग्नाच्या रीती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही माहिती मोलाची आहे आणि तिच्यावाचून पुष्कळ काही हरवले असते. पण ती कोणी कोणासाठी लिहिली, हे विसरता येत नाही. प्रश्न विचारणारा अधिकारी होता आणि उत्तर देणारा त्याच्या दौऱ्यात समोर उभा केलेला पुरुष. लग्नाची रीत नोंदली गेली. त्या रीतीत मुलीला काय वाटते, हे विचारण्याचे त्या पद्धतीत स्थानच नव्हते.

१८/ अशी नोंद ठेवणारे इंग्रज एकटे नव्हते. दक्षिण चीनमधील गुइझोऊ हाही डोंगराळ प्रांत, तेथेही बुयी, डोंग, मियाओ असे अनेक समाज. अठराव्या शतकापासून छिंग साम्राज्यातील अधिकाऱ्यांसाठी या समाजांचे चित्रसंग्रह तयार होऊ लागले. एका बाजूला रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला चार ओळींची माहिती. बुयींच्या पूर्वजांना त्या काळी ‘चुंगच्या’ म्हणत. त्यांच्यातील एका शाखेच्या चित्रात वसंताच्या आरंभी तरुण-तरुणी चांदण्यात नाचताना आणि रंगीत कापडाचा चेंडू आवडत्या व्यक्तीकडे फेकताना दिसतात. आपल्याकडच्या गुलालाचा तो सख्खा भाऊ म्हणावा.

१९/ बुयींमध्ये बाजाराच्या दिवशी तरुण-तरुणींनी एकमेकांना भेटण्याची आणि गाण्यांतून बोलण्याची रीत होती. भेट जुळवून देणारा मध्यस्थ असे, सवाल-जवाब गाण्यांत होत आणि झाडाच्या पानाची पिपाणी वाजवली जाई. डोंग समाजात मुली रात्री एकत्र बसून सूत काततात आणि मुले वाद्ये घेऊन तेथे गाण्याला येतात. त्या रीतीच्या नावाचा अर्थच गात हिंडणे आणि चांदण्यात बसणे असा आहे. त्यांचे बहुस्वरी समूहगान २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेले. गंमत अशी की बुयींमध्ये ज्याच्याशी गाणी गायली त्याच्याशीच लग्न होई असे नाही. लग्न पुष्कळदा आईबाप ठरवत. गाण्याचे स्वातंत्र्य आणि लग्नाचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

२०/ साम्राज्याच्या चित्रकाराला मात्र चेंडू तेवढा दिसला. तो रंगवण्याजोगा होता. मध्यस्थ, कुळाचे निर्बंध, आईबापांचा शब्द, ठरलेली देवघेव यांचे चित्र निघत नाही. खानदेशचा गॅझेटिअरकार, गुइझोऊचा चित्रकार आणि आजचा मोबाइलधारी या तिघांची भाषा वेगळी, काळ वेगळा, पण नजर एकाच जागी खिळते. डोंगरातील माणसे आपल्याहून मोकळी आहेत, असे म्हणताना ती आपल्याहून कमी सुधारलेली आहेत, हे वाक्य पाठोपाठ येते. कौतुक आणि तुच्छता यांच्या मुळ्या एकाच मातीत रुजतात.

२१/ ही नजर किती चुकते ते पाहण्यासाठी काठीची होळी पुरेशी आहे. काठी हे पश्चिम खानदेशातील सहा मेवासी संस्थानांपैकी एक. आज ते नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात आहे आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. येथील राजवाडी होळीची परंपरा १२४६ पासूनची सांगतात. उंच बांबू उभारला जातो, रात्रभर ढोल चालतो आणि पहाटे होळी पेटते. अंगावर राखेची आणि रंगाची नक्षी काढलेले, कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले नाचणारे सर्वत्र छायाचित्रांत दिसतात. छायाचित्रात न दिसणारी गोष्ट अशी की त्यांनी नवस म्हणून कडक पथ्य धरलेले असते. खाटेवर झोपायचे नाही, ब्रह्मचर्य पाळायचे. ज्याला बाहेरचा माणूस बेभान म्हणतो, तो व्रतस्थ असतो.

२२/ आता सातपुडा उतरून तापीकाठी यावे. मैदानी खानदेशाचा वसंतसण म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया. या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात. गौराई बसते, झाडांना झोके बांधले जातात, अहिराणी गाणी होतात. कित्येक गावांत दोन बाजूंच्या बायका समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना गाण्यांतून शिव्या घालत. वर्षभर जी डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, ती आखाजीच्या दिवशी झोक्यावर उभी राहून सासरच्यांचा उद्धार करते आणि त्याचा कोणाला राग येत नाही.

२३/ दोन सण शेजारी ठेवले की खानदेशातील बाईच्या आयुष्याचे दोन नकाशे दिसतात. मैदानात मुलीचे लग्न घरचे ठरवतात आणि वसंत तिला चार दिवसांसाठी परत आणतो. डोंगरात वसंत तिला घराबाहेर, अनेक कुळांच्या गर्दीत नेतो आणि पुढे ती कदाचित स्वतःच्या पसंतीने जाते. मैदानातील झोका खाली येतो आणि ती सासरी परतते. डोंगरातील मुलगी परतली तरी पंचांसमोर बसावे लागते. आखाजीला कोणी ‘हिंदू स्त्रियांचा मुक्तिदिन’ म्हणून पर्यटकांना विकत नाही. भोंगऱ्याच्या वाट्याला मात्र ते आले.

२४/ आदिवासी स्त्री जात्याच मुक्त, असे म्हणणाऱ्याने १९७२ नंतरच्या शहाद्याकडे पाहावे. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. बळकावलेल्या जमिनी आणि सालदारांची मजुरी या प्रश्नांवर अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी लढत होते. त्यातून श्रमिक संघटना उभी राहिली. संघटनेतील भिल्ल स्त्रिया शिबिरांत बोलू लागल्या तेव्हा त्यांनी जमिनीबरोबरच दारू आणि नवऱ्याचा मार हे विषय काढले. त्या गावोगाव गेल्या, दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. जात्या मुक्त असणाऱ्यांना हे करावे लागले नसते. आणि ज्यांना आपला शब्द चालतो याची सवयच नाही, त्यांनी हे करण्याचे धाडस केले नसते. सत्य या दोहोंच्या मध्ये आहे.

२५/ या चर्चेला आज धार का आली, तेही सांगितले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये अलीराजपूर जिल्ह्यातील भगोरियात भररस्त्यात मुलींची छेड काढली जात असल्याची चित्रफीत देशभर पसरली. गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. पण त्या निमित्ताने काही जणांनी जे लिहिले ते चित्रफितीइतकेच भयानक होते : तेथे अशीच प्रथा आहे, म्हणे. नाही. कोणत्याही पाड्याची, कोणत्याही पंचाची अशी प्रथा नाही. रीतीत मुलीचा होकार हाच सगळ्याचा पाया आहे. होकाराशिवाय हात लावणाऱ्याकडून जुने पंचही दंड घेत आणि आजचा कायदाही त्याला गुन्हेगार ठरवतो.

२६/ ‘प्रेमाचा सण’ या गोड नावाची किंमत ती अशी. नाव ऐकून येणारा बाहेरचा तरुण असे गृहीत धरून येतो की येथील प्रत्येक मुलगी निवडली जाण्यासाठीच उभी आहे. तो न विचारता छायाचित्र काढतो, चेहऱ्यासमोर मोबाइल धरतो, वर मथळा लिहितो. मुलगी खजूर घ्यायला आलेली असते, मावशीला भेटायला आलेली असते, ऊसतोडीहून परतलेल्या मैत्रिणीबरोबर पाळण्यात बसायला आलेली असते. तिच्या या साऱ्या कारणांवर एका मथळ्याने बोळा फिरतो.

२७/ कायद्याने तिची रीत अधिक गांभीर्याने घेतली आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच लागू होतो. म्हणजे पंच, देज, गूळ, घर करणे या साऱ्यांना रूढी म्हणून कायद्याच्या नजरेत वजन आहे. ज्या गोष्टीला न्यायालय पुरावा मागून तपासते, ती आपण तीस सेकंदांच्या चित्रफितीवरून ठरवून टाकू नये, एवढी अपेक्षा इतिहासाच्या वाचकाकडून अवाजवी नाही.

२८/ याचा अर्थ भोंगऱ्यात प्रेम नसते असा मुळीच नाही. ढोलाच्या गोलात कोणाचे लक्ष कोणाकडे जाते, कोण कोणासाठी साखरेचे कडे घेते, हे तेथे घडत आले आहे आणि घडत राहील. तेवढ्यासाठी पुराव्याची गरज नाही. एवढेच की ते प्रेम एका मोठ्या विणीतला एक धागा आहे. त्या विणीत कुळे आहेत, कर्ज आहे, स्थलांतर आहे, पंचांची रात्रभराची बैठक आहे आणि पुढे वर्षानुवर्षांचा संसार आहे.

२९/ सूर्य कलला की बाजार उठू लागतो. ढोल खांद्यावर चढतात, उरलेला गूळ झाकला जातो, एका रंगाच्या मुली पुन्हा एकत्र मोजल्या जातात. टेम्पो, जीपगाड्या आणि पायवाटा यांनी माणसे डोंगरात परततात. कोणाच्या पिशवीत होळीचे सामान, कोणाच्या मनात एखादा चेहरा. तो चेहरा कोणाचा, हे सांगण्याचा अधिकार ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावा. पंचांसमोर बसण्याची वेळ आलीच, तर ती सांगेल.